वृषण खाली उतरण्यासाठी हार्मोनची इंजेक्शने: जगाने ती मागे का टाकली आणि तुमच्या बाळाचे वेळापत्रक काय असावे?

तुमच्या मुलाची एका बाजूची गोटी पिशवीत हाताला लागत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यानंतर सल्ले सुरू होतात. कोणी म्हणते, "वाढत्या वयात आपोआप उतरेल." कोणी म्हणते, "आधी हार्मोनची इंजेक्शने देऊन बघू, नाही उतरली तर ऑपरेशन." दुसरा सल्ला ऐकायला बरा वाटतो. ऑपरेशन टळत असेल, तर चार-सहा सुया कोणत्याही आई-वडिलांना चालतील.

पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभरातील तज्ज्ञ संघटनांनी हा मार्ग बहुतांशी बंद केला आहे. २००७ मध्ये स्कँडिनेव्हियातील देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन सांगितले, की वृषण खाली आणण्यासाठी हार्मोन वापरू नयेत. २०१४ मध्ये अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने आपल्या मार्गदर्शक सूचनांत हेच स्पष्ट लिहिले. आपल्याकडे मात्र काही मुलांना अजूनही ही इंजेक्शने दिली जातात. असे का होते आणि पालक म्हणून तुम्ही काय ठरवावे, ते या लेखात पाहू.

आधी आजार समजून घेऊ

वृषण म्हणजे बोलीभाषेतील गोटी. ती ज्या पिशवीत असते, तिला वृषणकोश म्हणतात. गर्भात वृषण पोटात, मूत्रपिंडाजवळ तयार होते. तिथून ते खाली सरकते आणि गरोदरपणाच्या सातव्या ते नवव्या महिन्यात जांघेतून पिशवीत येते. हा प्रवास मध्येच थांबला, तर वृषण जांघेत किंवा पोटातच राहते.

पूर्ण दिवसांच्या दर १०० मुलग्यांपैकी साधारण २ ते ४ मुलांमध्ये जन्मतः हा प्रश्न असतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत हे प्रमाण ३० पर्यंत जाते. यातील बरीच वृषणे पहिल्या काही महिन्यांत स्वतःहून खाली येतात, आणि वर्षाच्या सुमारास हा प्रश्न १०० पैकी एखाद्याच मुलात उरतो. "आपोआप उतरेल" या सल्ल्यात तथ्य आहे ते एवढेच. सहा महिन्यांनंतर आपोआप उतरण्याची शक्यता फार थोडी राहते. तेलाने चोळून किंवा मालिश करताना खाली ओढूनही वृषण उतरत नाही. उलट नाजूक जागी दुखापत होऊ शकते, म्हणून मालिश करणाऱ्या बाईंना तसे करू देऊ नका.

वृषण पिशवीतच का हवे? पिशवीतील तापमान पोटापेक्षा २ ते ४ अंशांनी कमी असते. पुढे शुक्राणू तयार करणाऱ्या बीजपेशींना हा थंडावा लागतो. पोटाच्या उबेत त्या हळूहळू कमी होत जातात.

हार्मोनची कल्पना आली कुठून?

कल्पना चुकीची नव्हती. वृषणाच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा पुरुष हार्मोनच्या, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या प्रभावाखाली होतो. मग बाहेरून हार्मोन देऊन अपुरा प्रवास पूर्ण करता येईल का, असा विचार झाला. १९३०च्या दशकापासून गर्भवती स्त्रियांच्या लघवीतून वेगळे केलेले एचसीजी हे हार्मोन वापरले जाऊ लागले. ते वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला लावते. त्याची इंजेक्शने सहसा आठवड्यातून दोनदा, काही आठवडे देतात. १९७०च्या दशकात युरोपात जीएनआरएच या हार्मोनचा नाकात मारायचा फवारा आला. सुई नाही, भूल नाही, टाके नाहीत, त्यामुळे तो लोकप्रिय झाला.

आकडे काय सांगतात?

१९९५ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. नाकातील फवाऱ्याने १०० पैकी सुमारे २१ आणि एचसीजीने सुमारे १९ वृषणे खाली आली. ज्यांना औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले द्रव्य दिले, त्यांच्यात ४ आली. म्हणजे पाचात एक यश. त्यातीलही काही वृषणे पुढे पुन्हा वर जातात आणि ऑपरेशन करावेच लागते.

काटेकोर अभ्यासांत आकडे आणखी घसरतात. १९८६ मध्ये नेदरलँड्समध्ये २५२ मुलांवर नाकातील फवाऱ्याची चाचणी झाली. कोणाला खरे औषध मिळते आहे हे पालकांना आणि डॉक्टरांना माहीत नव्हते. पूर्ण खाली आलेल्या वृषणांचे प्रमाण औषधाच्या गटात ९ टक्के आणि बिनऔषधाच्या गटात ८ टक्के होते. हा फरक नसल्यातच जमा आहे.

मग "आमच्या ओळखीच्या मुलाला इंजेक्शनने फरक पडला" असे लोक का सांगतात? ते खोटे बोलत नसतात. याचे मुख्य कारण म्हणजे वर-खाली होणारे वृषण. लहान मुलांत जांघेतील एक स्नायू थंडी, भीती किंवा स्पर्शाने आखडतो आणि वृषण वर ओढले जाते. मूल झोपले, कोमट पाण्यात बसले की ते परत खाली येते. हा आजार नाही. अशा मुलाला इंजेक्शने दिली, तर वृषण खाली आलेले दिसणारच, आणि श्रेय इंजेक्शनला मिळते. जुन्या अनेक अभ्यासांत अशी मुले मिसळलेली होती, म्हणून यश मोठे दिसत होते.

खरोखर अडकलेल्या वृषणात अडचण बहुतेकदा रचनेची असते. पोटाच्या आतील आवरणाची पिशवी जांघेत उघडी राहिलेली असते आणि वृषण तिला जोडलेले असते. ही पिशवी हर्नियाचे मूळ आहे. हार्मोन तिला बंद करू शकत नाही. ऑपरेशनमध्ये ती बांधली जाते आणि वृषणही खाली बसवले जाते.

हार्मोनचा जो काही उपयोग दिसतो, तो मुख्यतः पिशवीच्या तोंडाशी आलेल्या वृषणात आणि थोड्या मोठ्या मुलांत. ज्या तान्ह्या बाळात वेळ सर्वांत मोलाचा आहे आणि वृषण खूप वर आहे, तिथे तो सर्वांत कमी असतो.

इंजेक्शनचे दुष्परिणाम

उपचार चालू असताना शिश्नाचा आकार वाढणे, ते वारंवार ताठ होणे, जननेंद्रियाजवळ केस येणे, चिडचिड आणि सुईच्या जागी दुखणे हे परिणाम दिसू शकतात. औषध थांबल्यावर ते बहुधा ओसरतात.

जास्त चिंता आहे ती बीजपेशींची. १९९७ मध्ये फिनलंडच्या संशोधकांना एचसीजी घेतलेल्या मुलांच्या वृषणांत नष्ट होणाऱ्या बीजपेशींचे प्रमाण वाढलेले आढळले. २००० मध्ये डेन्मार्कच्या अभ्यासात १ ते ३ वर्षांच्या मुलांत हार्मोननंतर बीजपेशींची संख्या कमी दिसली. ज्या पेशी वाचवायच्या, त्यांनाच धक्का लागण्याची शंका आल्यावर स्कँडिनेव्हियातील तज्ज्ञांनी हात आखडता घेतला.

मग वाद संपला का?

पूर्ण नाही, आणि ही बाजूही तुम्हाला माहीत असावी. वाद आता दुसऱ्या प्रश्नावर आहे. वृषण खाली आणायला हार्मोन द्यावेत का, या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ एकमताने "नाही" असे आहे. पण ऑपरेशनने वृषण खाली आणल्यानंतर बीजपेशींच्या वाढीसाठी हार्मोन उपयोगी पडेल का, यावर मतभेद आहेत. स्वित्झर्लंडमधील एका गटाने अनेक वर्षे असे मांडले आहे, की कमी मात्रेत, बराच काळ दिलेल्या जीएनआरएच प्रकारच्या औषधाने निवडक मुलांत पुढे शुक्राणूंची संख्या सुधारते. युरोपियन मार्गदर्शक सूचनांत दोन्ही बाजूंची वृषणे न उतरलेल्या मुलांसाठी असा उपचार सुचवला गेला आहे, पण "कमकुवत शिफारस" म्हणून. अमेरिकन सूचनांनी तो नेहमीचा उपचार म्हणून स्वीकारलेला नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा: हा उपचार ऑपरेशनची जागा घेत नाही. तुम्हाला तो कोणी सुचवला, तर "हे वृषण उतरवण्यासाठी आहे की बीजपेशींसाठी?" हे विचारा. "उतरवण्यासाठी" असे उत्तर आले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या.

खरी किंमत: हातातून गेलेले महिने

इंजेक्शनचा खर्च आणि त्रास आपण सोसू. पण त्यात गेलेला काळ परत येत नाही.

बाळ जन्मल्यावर पहिल्या तीन महिन्यांत त्याच्या शरीरात हार्मोनची एक नैसर्गिक लाट येते. त्या जोरावर साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बीजपेशींचे रूपांतर होते आणि पुढील आयुष्यभराच्या शुक्राणूंचा साठा तयार होतो. वर अडकलेल्या वृषणात हे काम अर्धवट राहते आणि पहिल्या वर्षानंतर बीजपेशी घटत जातात. स्वीडनमध्ये काही मुलांचे ऑपरेशन नवव्या महिन्यात आणि काहींचे तिसऱ्या वर्षी करून तुलना केली गेली. लवकर ऑपरेशन झालेल्यांची वृषणे अधिक चांगली वाढली.

मोठेपणी बाप होण्याच्या शक्यतेबाबत अमेरिकेतील पाहणी सांगते, की एकाच बाजूचे वृषण न उतरलेल्या पुरुषांपैकी सुमारे ९० टक्के बाप झाले. हे प्रमाण इतर पुरुषांच्या जवळपास आहे. दोन्ही बाजूंचा प्रश्न असलेल्यांत मात्र ते सुमारे ६५ टक्के होते. म्हणून दोन्ही बाजू वर असतील, तर टाळाटाळ अजिबात नको.

दुसरा प्रश्न कर्करोगाचा. स्वीडनमध्ये १९६४ ते १९९९ या काळात ऑपरेशन झालेल्या सुमारे १७,००० पुरुषांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. १३व्या वर्षाआधी ऑपरेशन झालेल्यांत वृषणाच्या कर्करोगाचा धोका सर्वसाधारण पुरुषांच्या सुमारे सव्वादोन पट होता. १३ किंवा त्यानंतर ऑपरेशन झालेल्यांत तो सुमारे साडेपाच पट होता. घाबरू नका: या १७,००० पुरुषांत प्रत्यक्ष कर्करोग झालेले ५६ होते. पण लवकर ऑपरेशन केल्याने हा धोका कमी राहतो आणि वृषण हाताला लागेल अशा जागी येते, त्यामुळे गाठ आली तरी लवकर कळते.

आता साधा हिशोब करा. पाचव्या महिन्यात शंका आली. "वर्षाचा होऊ द्या" असे ठरले. मग दीड महिना इंजेक्शने, परिणाम पाहायला तीन महिने, "थोडा फरक वाटतो" म्हणून आणखी एक कोर्स. मध्ये सर्दी-खोकला, गावची जत्रा, घरातले लग्न. मूल दोन वर्षांचे होते आणि वृषण अजून जांघेतच असते. कोणीही जाणूनबुजून हयगय केलेली नसते, तरी मोलाचे वर्ष निघून जाते.

"एवढ्या लहान बाळाला भूल?"

ही भीती रास्त आहे. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता, की तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून अधिक काळ किंवा वारंवार भूल दिल्यास मेंदूच्या विकासावर परिणाम होऊ शकतो. या बातमीने अनेक पालक धास्तावले. पण इशारा लांबलेल्या किंवा पुन्हापुन्हा दिलेल्या भुलीबद्दल होता. जांघेतील वृषण खाली बसवण्याचे ऑपरेशन साधारण तासाभराचे असते.

त्यानंतर २०१९ मध्ये सात देशांतील ७२२ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी काही बाळांना पूर्ण भूल दिली होती, काहींना फक्त कमरेखालचा भाग बधिर केला होता. भुलीचा काळ तासाभराच्या आत होता. पाचव्या वर्षी दोन्ही गटांतील मुलांच्या बुद्ध्यांकात फरक आढळला नाही. लहान मुलांना भूल देण्याचा अनुभव असलेले भूलतज्ज्ञ जिथे आहेत, असे रुग्णालय निवडा.

वृषण हाताला लागत असेल, तर बहुतेक मुले त्याच दिवशी घरी जातात आणि सुमारे ९५ टक्के मुलांत वृषण पिशवीत टिकते. क्वचित रक्तपुरवठा कमी पडून वृषण आकसते किंवा पुन्हा वर सरकते. हाताला न लागणारे वृषण दुर्बिणीने शोधावे लागते आणि काही वेळा ऑपरेशन दोन टप्प्यांत होते.

लसीच्या तारखांवर बांधलेले वेळापत्रक

तारखा लक्षात ठेवणे कठीण जाते, पण लसीचे कार्ड प्रत्येक घरात असते. त्यालाच धरून चाला. बाळ वेळेआधी जन्मले असेल, तर वय मूळ अपेक्षित तारखेपासून मोजा.

- जन्मानंतर: दोन्ही गोट्या पिशवीत आहेत का, हे डॉक्टरांना विचारा आणि कार्डावर लिहून घ्या.
- साडेतीन महिन्यांची लस: पुन्हा तपासून घ्या. अजून वर असेल, तर सहाव्या महिन्याची तपासणी ठरवून ठेवा.
- सहा महिने: वृषण उतरले नसेल, तर लहान मुलांच्या सर्जनना दाखवा.
- नऊ महिने, गोवर-रुबेलाची लस: ऑपरेशनची तारीख हातात असावी.
- दीड वर्ष, बूस्टर लस: तोवर ऑपरेशन झालेले असावे.

सोनोग्राफीसाठी वेळ दवडू नका. न लागणारे वृषण सोनोग्राफीत निम्म्याहून अधिक वेळा सापडत नाही, आणि "दिसले नाही" याचा अर्थ "नाही" असा होत नाही. अनुभवी हाताची तपासणी अधिक भरवशाची. अमेरिकन सूचनाही सर्जनकडे पाठवण्याआधी सोनोग्राफी करू नका, असेच सांगतात.

इथे मात्र थांबू नका

- नवजात बाळाच्या दोन्ही गोट्या लागत नसतील, किंवा त्याबरोबर लघवीचे छिद्र खालच्या बाजूला असेल, तर त्याच दिवसांत हार्मोन आणि गुणसूत्रांची तपासणी हवी. काही बाळांत यामागे मूत्रपिंडावरील ग्रंथीचा गंभीर आजार असतो. त्यात शरीरातील मीठ घटून जिवाला धोका होऊ शकतो.
- जांघेत फुगवटा येऊन तो आत जात नसेल, बाळ सतत रडत किंवा उलट्या करत असेल, तर लगेच रुग्णालय गाठा. अडकलेला हर्निया किंवा वृषणाला बसलेला पीळ असू शकतो.

एचसीजीला आजही योग्य जागा आहेत. दोन्ही वृषणे लागत नसताना शरीरात वृषणाची ऊती आहे का, हे पाहण्याच्या चाचणीत ते वापरतात. मेंदूतील ग्रंथीकडून हार्मोनच कमी येत असेल, तर हार्मोनचे डॉक्टर ते उपचार म्हणून देऊ शकतात. तुमच्या बाळाला ते यासाठी दिले असेल, तर मनाने बंद करू नका.

मूल मोठे झाले असेल तर?

तुमचे मूल तीन, पाच किंवा आठ वर्षांचे असेल, तरी उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. ऑपरेशनचा फायदा तेव्हाही आहे. इंजेक्शने आधीच दिली असतील, तर स्वतःला दोष देत बसू नका. उरलेला वेळ वाचवा आणि या आठवड्यात सर्जनची वेळ घ्या.

वर-खाली होणारे वृषण असेल, तर ऑपरेशन लागत नाही, पण वर्षातून एकदा तपासणी हवी. अशी काही वृषणे, आणि पूर्वी नीट उतरलेली काही वृषणेही, मूल वाढते तशी वर सरकतात.

खर्च आणि सोय

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरमधून झाली. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. पथक आले की ही शंका मोकळेपणाने बोला. लाजेपायी हा विषय राहून जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करून संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. तुमच्या जवळच्या कोणत्या रुग्णालयात हे ऑपरेशन योजनेत बसते, हे तेथील आरोग्यमित्रांना विचारा.

डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न

१. वृषण खरोखर अडकले आहे, की वर-खाली होणारे आहे?
२. ते हाताला लागते का, आणि कुठे?
३. हार्मोन सुचवत असाल, तर नेमके कशासाठी? त्यामुळे ऑपरेशन किती महिने पुढे जाईल?
४. ऑपरेशन दीड वर्षाच्या आत होण्यासाठी मी कोणाकडे आणि केव्हा जावे?

यातील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर महिन्यांत मागा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. आणि सगळे नीट पार पडले, तरी मुलगा वयात आल्यावर त्याला हे ऑपरेशन झाल्याचे सांगा आणि महिन्यातून एकदा स्वतः तपासून पाहायला शिकवा. ऑपरेशनचे कागद जपून ठेवा, पुढे त्याच्या डॉक्टरांना ते लागतील.

*हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या मुलाचा उपचार त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.*